रफिकचाचांचा चांदीचा चाप

कान टोचलेल्या जागी गाठ आली, तर तुम्ही आधी काय कराल? चुना लावाल?

डोणगावच्या रफिकचाचांनी लावला होता. चाचा सोनार. अर्ध्या गावाचे कान त्यांनी टोचलेले. मुलीचे, नाजमीनचेही. तिच्या कानाच्या पाळीवर गाठ आली. चामखीळ समजून चाचांनी चुना-सोडा लावला. गाठ जळाली, जखम भरली, आणि तिथेच दुप्पट मोठी गाठ उगवली. तेव्हापासून चाचांनी सुई हातात घेतली नव्हती.

"कापून टाका न मॅडम," माझ्या मेहकरच्या दवाखान्यात ते म्हणाले. "ओढणी बांधल्याबिगर कॉलेजले जात नाही पोरगी."

"नुसती कापली तर बहुतेक परत येईल. याहून मोठी."

"काऊन?"

जखम भरली की शरीराने थांबायचं असतं. काहींची कातडी थांबत नाही. वण जखमेच्या बाहेर वाढत जातो. त्याला केलॉइड म्हणतात. तो कॅन्सर नाही, त्याची लागण होत नाही. मग त्या मुलीने लाज का बाळगावी?

"मंजे माह्या सुईची चूक नाही?"

"सुईची नाही. चुन्याची आहे; त्या जखमेनेच गाठ दुप्पट झाली."

"अब्बा, मी तवाच म्हटलं होतं," नाजमीन म्हणाली. चाचा छताकडे पाहू लागले.

आधी गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, महिन्याला एक. मग छोटं ऑपरेशन, पुन्हा इंजेक्शनं. शिवाय गाठ परतू नये म्हणून पाळीवर कित्येक महिने दाब देणारी क्लिप हवी होती. ऑनलाइन मागवलेली बसेना. चाचांनी ती उलटसुलट पाहिली.

"हे कोण्या लोहारानं केलं? मी बनवतो."

चांदीच्या दोन चपट्या टिकल्या, आत मऊ सिलिकॉन, मागे स्क्रू. पहिला चाप इतका घट्ट की पाळी पांढरी पडली.

"चाचा, दाब द्यायचाय, सूड घ्यायचा नाही."

दुसरा नेमका बसला. त्याच्यावर बारीक फूल कोरलेलं होतं. मी ते सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं. गाठ परतली नाही. परतणारच नाही, अशी हमी मी देत नाही, म्हणून नाजमीन तपासणीला येते. ओढणी आता खांद्यावर असते.

चाचांनी पुन्हा सुई घेतली आहे. पण टोचण्याआधी बाळाच्या आईला विचारतात, "घरात कोणाचे वण असे फुगते का?"

तुम्हीही हे विचारा. उत्तर 'हो' आलं, तर टोचायची घाई करू नका. आणि गाठ आलीच, तर चुन्याची डबी पानापुरती ठेवा. गाठ त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.