फ्रेडीच्या बेसमेंटमधला ‘एव्हरीबडी’

नॉर्बर्ट तुस्कानो राहतो मिसिसागात, नोकरीला जातो रिचमंड हिलला आणि उरलेला जन्म दुसऱ्यांच्या बेसमेंटमध्ये काढतो. आठवडाभर ऑफिसातल्या लोकांना तो फोनवर शांतपणे सांगतो, की एकदा बंद करून परत चालू करून बघा. शनिवारी हेच काम तो टोरांटोभर पसरलेल्या वसईकरांसाठी फुकट करतो, आणि तेही जास्त शांतपणे, कारण तोवर आवाज चढवायचं त्राण उरलेलं नसतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत लोक एकमेकांना शांती देतात तेव्हा नॉर्बर्टचा हात हातात घेऊन म्हणतात, ख्रिस्ताची शांती तुमच्याबरोबर असो, आणि हात न सोडता त्याच दमात, राउटरचा लाल दिवा लागतोय, येताना जरा बघशील का. नॉर्बर्ट शांतीही घेतो आणि राउटरही घेतो. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला नाही म्हणता येत नाही. पाठ दुखते, डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, आणि त्याची दमणूक झोपून जाणाऱ्या जातीची नाही.

त्या शनिवारी तो ब्रॅम्प्टनला फ्रेडी डाबरेच्या दारात उभा होता. फ्रेडी त्याच्याच गावचा, त्याच्याहून चार पावसाळे धाकटा. आपल्या लोकांची लग्नं, बारशी, पहिली कम्युनियन यांचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे हा त्याचा धंदा, आणि दुकान म्हणजे घराचं बेसमेंट. फ्रेडी व्हिडिओ कापतो-जोडतो मॅकवर. त्याची बायको जॉयस अल्बम लावते विंडोजवर. नवऱ्याने मॅकची कितीही आरती ओवाळली तरी ती हलायला तयार नाही, आणि विंडोजचं नाव काढलं की फ्रेडी असं तोंड करतो, जणू कुणी त्याच्या तिखट सोरपोतेलात साखर घातलीय. मग तीन वर्षांपूर्वी नॉर्बर्टनेच मधला मार्ग काढला होता. जुन्या भागांतून एक पेटी जुळवली, तिच्यावर लिनक्स चढवलं आणि म्हणाला, सगळे फोटो या पेटीत ठेवा, दोघंही आपापल्या खुर्चीतून घ्या, भांडण नको. जॉयसने बेकरीतली नोकरी सोडून पूर्णवेळ या धंद्यात यावं, हेही त्यानेच सुचवलं होतं. सल्ला देणाऱ्याला तो पुढे निस्तरावा लागतो, हे एवढा अनुभव गाठीशी असूनही त्याला सुचलं नाही.

पहिलं वर्षभर पेटी छान चालली. मग ती हळूहळू म्हातारी झाल्यासारखी वागायला लागली. जॉयसने शंभरेक फोटो पेटीत टाकायला घेतले, की ती वर जाऊन भात लावून, कुकर उतरवून खाली आली तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच. परवा तिने फ्रेडीला शांतपणे सांगून टाकलं होतं, की जवळच्या वृद्धाश्रमात किचनमध्ये माणूस हवाय, त्यांनी विचारलंय. या शनिवारी पेटी सुधारली तर ठीक, नाहीतर सोमवारी ती तिकडे. तिथली माणसं हळू चालतात, पण निदान चालतात तरी. फ्रेडीने हे नॉर्बर्टला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. जॉयस गेली तर अल्बम बंद, अल्बम बंद तर अर्धा धंदा बंद, आणि उरलेल्या अर्ध्यात फ्रेडीला एकट्याला वेळेवर काही जमत नाही हे सगळ्या ब्रॅम्प्टनला माहीत होतं.

नॉर्बर्टने बूट काढले, मोज्यांवर ओला डाग घेऊन जिना उतरला. जॉयसने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. “नॉर्बर्टभाऊ, आधी चहा घ्या. तुमच्यावर राग नाही माझा. तुमच्या पेटीवर आहे.”

चहा घेऊन तो कामाला लागला. आधी केबल बदलली. मग दुसरी बदलली. मॅक आणि विंडोज आळीपाळीने बंद करून एकेकाला एकट्याने पेटीशी बोलू दिलं. मॅकला प्रत्येक फोटोची छोटी प्रतिमा काढून दाखवायची हौस असते, ती बंद केली. फ्रेडी मागे उभा राहून दर वेळी विचारायचा, की आता विंडोजमुळेच ना, आणि जॉयस स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायची, हो, आमच्या घरात सगळं विंडोजमुळेच, बर्फसुद्धा. नॉर्बर्टला हे दोन्ही पक्ष तोंडपाठ होते. गंमत अशी, की लग्नाचा अख्खा व्हिडिओ, एवढी मोठी फाइल, पेटीत सर्रकन जात होती. अडत होते ते छोटे छोटे फोटो.

मग सहज, काही सुचत नाही म्हणून, त्याने पेटीत एक रिकामा फोल्डर केला आणि जॉयसला म्हणाला, तेच फोटो इथे टाक. जॉयसने टाकले. चहाचा कप उचलायच्या आत काम झालं. तिने कप परत खाली ठेवला.

नॉर्बर्टने नेहमीचा फोल्डर उघडला. तो उघडायलाच इतका वेळ लागला, की दोन्ही पक्ष गप्प झाले. फोल्डरचं नाव होतं ‘एव्हरीबडी’, आणि त्यात गेल्या काही वर्षांतल्या यच्चयावत लग्नांचे, बारशांचे, कम्युनियनचे सगळे फोटो एकाच ठिकाणी, एकाखाली एक पडले होते. एकही उपफोल्डर नाही.

त्याने डोळे चोळले आणि फ्रेडीला समजेल अशा भाषेत सांगितलं. तुमच्या मॅकला आणि विंडोजला इंग्रजीतली लहान अक्षरं आणि कॅपिटल अक्षरं सारखीच. लिनक्सला ती वेगवेगळी. म्हणजे असं समज, हॉलच्या दारात एक म्हातारा बसवलाय. नवा पाहुणा आला, की आत सोडण्याआधी तो सगळ्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन विचारतो, बाबा रे, याच नावाचा, दुसरे कपडे घातलेला कोणी तू तर नाहीस ना. सगळे नाही म्हणाले, की परत दारात येतो, त्या एकाला आत सोडतो आणि पुढच्यासाठी पुन्हा पहिल्या खुर्चीपासून सुरुवात. हॉल लहान असला तर चालून जातं. तुझ्या हॉलमध्ये तू अख्खी वसई बसवलीयस.

उपाय सोपा होता. प्रत्येक लग्नाचा वेगळा फोल्डर करायचा, आणि त्यात चर्च, रिसेप्शन, केक असे छोटे फोल्डर. म्हाताऱ्याला फिरायला लहान लहान खोल्या द्यायच्या.

फ्रेडी म्हणाला, नाही जमणार.

जॉयसने मान वळवली. फ्रेडीने नॉर्बर्टकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे. “फोल्डर केले होते रे एकदा. तुझ्याच ताईने जन्माचं बोलणं टाकलं.”

ही गोष्ट नॉर्बर्टला माहीत होती, सगळ्यांनाच होती. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाचे फोटो फ्रेडीने ‘फॅमिली’ आणि ‘अदर्स’ असे दोन फोल्डर करून लावले. निवडायला नॉर्बर्टची थोरली बहीण व्हेरॉनिका आली होती. ती नवरीची गॉडमदर. आणि तिचे फोटो निघाले ‘अदर्स’मध्ये. ती काही न बोलता जिना चढून गेली आणि तेव्हापासून फ्रेडीशी बोलली नाही. मिस्सेत शांती देतानाही ती त्याच्या पलीकडच्या माणसाचा हात धरायची. फ्रेडीने धसका घेतला, त्याच रात्री सगळे फोल्डर मोडले आणि सगळ्यांना एकाच हॉलमध्ये आणून बसवलं. जवळचा कोणी नाही, लांबचा कोणी नाही, सगळे ‘एव्हरीबडी’. त्या दिवसापासून पेटी म्हातारी होत गेली.

दोन वर्षं दोघांच्या मधे उभं राहून नॉर्बर्टचे पाय दुखायला आले होते. बहिणीकडे गेला, की फ्रेडीचं नाव काढायचं नाही, फ्रेडीकडे आला, की बहिणीचं. आपण आणि ही पेटी एकाच कामाला लागलोय, असं त्याला वाटून गेलं. त्याने खिशातून फोन काढला आणि कुणालाही न विचारता बहिणीला लावला. जॉयसने खुणेनेच त्याला फोन स्पीकरवर टाकायला लावला.

व्हेरॉनिकाताईने आधी जेवलास का विचारलं, मग पाठीचं विचारलं, मग तिच्या प्रिंटरचं काय झालं ते विचारलं. नॉर्बर्टने सगळ्याला उत्तरं दिली आणि मग त्या फोल्डरचं काढलं. म्हणाला, फ्रेडीला परत फोल्डर करायचेत, तुझा त्या ‘अदर्स’वरचा राग अजून आहे का, एकदाच सांग म्हणजे आम्ही मोकळे.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कसलं अदर्स?” ताई म्हणाली. “माझा चष्मा घरी राहिला होता त्या दिवशी. मला काय वाचता येतंय? काही दिसेना म्हणून उठून घरी गेले.”

फ्रेडी खुर्चीचा हात धरून खाली बसला.

“मग बोलत का नाहीस त्याच्याशी?”

“त्याच लग्नातला डॉमनिकचा फोटो देतो म्हणाला होता. जेवण झाल्यावर खुर्चीत झोपलेला, डोक्यावर ती कागदी टोपी. शोधून देतो म्हणाला. त्यानंतर डॉमनिक गेला, फ्रेडीचा काही फोन नाही. बाकी सगळ्या फोटोंत तो पोटात श्वास ओढून उभा आहे रे. तो माझा नवरा वाटतच नाही. आता एक फोटो मी किती वेळा मागायचा?”

फ्रेडीने तो फोटो शोधला होता. खरोखरच शोधला होता, पण तोवर सगळं ‘एव्हरीबडी’त गेलं होतं, आणि त्या गर्दीत झोपलेला एक माणूस सापडणं शक्य नव्हतं. सापडला नाही हे सांगायला गेलो तर ताई फोल्डरचा विषय काढेल, या भीतीने तो गेलाच नाही. ताईची समजूत काढायला त्याने जे केलं, त्यातच ताईचा नवरा हरवला होता.

नॉर्बर्टने फोन ठेवला. जॉयस उठली, वर जाऊन आली, आणि म्हणाली, “भाऊ, ते छोटे हॉल कसे करायचे ते मला दाखवा. याला नको. हा परत कुणालातरी अदर्स करून ठेवील.”

दुपारभर दोघं बसली. फोटो कुठल्या दिवशी, किती वाजता काढला हे प्रत्येक फोटोच्या आतच लिहिलेलं असतं, त्यामुळे वाटणी पेटीनेच केली, नावं जॉयसने दिली. घरचा-बाहेरचा असं कुणीच राहिलं नाही. जो ज्या वेळी जिथे होता तिथे गेला. चर्चमधले चर्चमध्ये, नाचणारे नाचात. शेवटी त्या लग्नाचा एक फोल्डर उरला, त्याचं नाव तिने ठेवलं ‘जेवणानंतर’. तो उघडला तेव्हा तिथे डॉमनिक होता. टोपी एका कानावर, तोंड उघडं, पोट मोकळं सोडलेलं. फ्रेडी बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला आणि मग नाक पुसत म्हणाला, की प्रकाश जरा कमी पडला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर व्हेरॉनिकाताई आली. जिन्याचा कठडा धरून, प्रत्येक पायरीला बिल्डरला नावं ठेवत खाली उतरली. फ्रेडीने खुर्ची दिली. जॉयसने विचारलं, फोटो आधी दाखवू, की चहा आधी, आणि उत्तर यायच्या आतच फोटो उघडला. ताईने या वेळी चष्मा आणला होता. तो लावून तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं.

“हाच,” ती म्हणाली. “असाच घोरायचा.” मग फ्रेडीकडे न बघताच म्हणाली, “बारीक झालास. जेवत नाहीस?”

एवढ्यावर दोन वर्षांचं मिटलं. फ्रेडी प्रिंटर चालू करायला धावला आणि त्याने चुकीचं बटण दाबलं. जॉयस चहा ओतता ओतता नॉर्बर्टला सहज सांगितल्यासारखं म्हणाली, की वृद्धाश्रमाला सकाळीच नाही म्हणून कळवलं, इथे सांभाळायला हा आणि पेटी, दोन म्हातारे आहेत तेवढे पुरेत.

नॉर्बर्टने ते ऐकलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तो जरा पाठ टेकायला म्हणून बसला होता. पेटी पायाशी घुरघुरत होती, एका लयीत, तक्रार न करता. खुर्चीवर टाकलेलं आपलं जाड पार्का जॅकेट अंगावर ओढून घ्यावं असं त्याला वाटलं, पण हात उचलायचा कंटाळा आला. ताई कुणालातरी विचारत होती, की माझ्या प्रिंटरचं बघणार होता ना हा. कोणीतरी तिला हळू बोल म्हणालं.

मग कॅमेऱ्याचा एक खट्ट आवाज झाला.

“हा कुठल्या फोल्डरमध्ये टाकू?” जॉयसने कुजबुजत विचारलं.

“जेवणानंतर,” फ्रेडी म्हणाला.

अजून जेवण झालं नाहीये, हे नॉर्बर्टला सांगायचं होतं. पण त्यासाठी डोळे उघडावे लागले असते.