अंजनाच्या सावलीत

आमच्या जळगावच्या कॉलनीतला कडुनिंब देवाच्या नावाने तोडला, हे अजूनही माझ्या घशाखाली उतरत नाही. आमचे हे वारल्यापासून माझी छाती धडधडायची, झोप उडाली होती. गोळ्या देताना डॉक्टर म्हणाले होते, रोज सकाळी झाडाखाली तासभर बसत जा. मंदिरामागच्या त्या निंबाखाली चार महिने बसले आणि खरंच झोप लागू लागली. मग मंदिर समितीने तिथे सभामंडप बांधायला काढला. झाड ठेवा म्हणून मी हात जोडले. अध्यक्ष असलेले नाना म्हणाले, "ताई, देवाच्या कामात आडवं येऊ नये." दुपारपर्यंत झाड गेलं, आणि संध्याकाळी त्याच जागी आरती झाली! त्यानंतर मी मंदिराची पायरी चढले नाही. देवावरही रागावले. त्याच्या नावाने हे चाललं आणि तो गप्प बसला.

धडधड परत सुरू झाली. शेवटी नणंदेने मला बळेच एसटीत बसवून यावलच्या पुढे, सातपुड्यातल्या देवीला नेलं. अर्ध्या चढावर माझा श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली. "वहिनी, कोणाला तरी घेऊन येते," म्हणत नणंद खाली धावली. तेवढ्यात धुळ्याकडची एक म्हातारी दर्शन घेऊन उतरत होती. तिने मला धरून अंजनाच्या झाडाच्या सावलीत नेलं, चपला काढून माझे पाय शेजारच्या ओहोळात सोडले.

"माझं दर्शन राहिलंय," मी म्हणाले.

"बठ, माय. देवी आठेबी शे." देवी इथेही आहे, असं ती तिच्या अहिराणीत सांगत होती.

"मग आमचं झाड का तोडू दिलं तिने?" मी चिडूनच विचारलं, आणि सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. "झाड ते मानसेसनी तोडं. देवीवर कसाले रागावस?"

मला रडू फुटलं. पाण्याचा गारवा पोटऱ्यांपर्यंत चढला, वर पानं सळसळत होती, आणि कधी कोण जाणे, छाती शांत झाली. नणंद परतली तेव्हा म्हातारी निघून गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी वर गेलेच नाही. तिथूनच हात जोडले.

माणसांवरचा राग गेलेला नाही. श्वास घ्यायला माणसाला एसटीने डोंगरापर्यंत जावं लागावं, ही लाजेची गोष्ट आहे, आणि हे मी समितीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. पण देवावरचा राग मी त्या ओहोळात सोडून आले. आपला भार देवीवर टाकायचा आणि माणसांना जाब विचारायचा, एवढं मला कळलं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी नानांच्या पत्नी दारात आल्या. त्यांनाही रात्र रात्र झोप नसते. खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्या डोंगरावर मला नेशील?"