शीतलचे दोन फॉर

बदनापूरच्या पुढं एका बियाणं कंपनीचं फार्म आहे, तिथं शीतल पॅकिंगला होती. दिवसभर पुड्यांना सील मारायचं आणि जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून मोबाईलवर पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायचं. वेडीच आहे ती, खरंच. सुपरवायझर मच्छिंद्रभाऊ एकदा तिच्या मागं उभं राहून बघत बसले आणि मंग म्हणले, "कपाशीच्या क्रॉसिंगचे टॅग तू काढ. बराबर निघाले तर ऑफिसात कॉम्प्युटरवर बस. न्हाई तर पॅकिंग हायेच."

क्रॉसिंग म्हणजे एका वाणाच्या फुलाचे पराग दुसऱ्या वाणाच्या फुलाला लावायचे. ज्याचे पराग तो बाप, जिला लावले ती आई. प्रत्येक आईला प्रत्येक बाप लावून बघतात, आणि प्रत्येक जोडीचा एक टॅग, म्हणजे फुलाला बांधायची चिठ्ठी, त्यावर आईचं नाव आधी. हातानं लिहिताना एखादी जोडी हमखास सुटायची.

शीतलनं एका ओळीत काम उरकलं. चौकोनी कंसात आधी काय बनवायचं ते, म्हणजे आई-बाप. त्याच्यापुढं आयांचा फॉर, त्याच्यापुढं बापांचा फॉर. फॉर म्हणजे यादीतलं एकेक नाव घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा हुकूम. एक पण जोडी सुटली न्हाई. तिला इतकं भारी वाटलं की छापलेल्या टॅगचा रोल घेऊन ती पळतच प्लॉटवर गेली.

क्रॉसिंग करणाऱ्या चतुराबाई पाटीत बापाची फुलं घेऊन तयारच होत्या. पहिला टॅग बांधला, दुसरा फाडला आणि थांबल्या.

"हे काय गं माय? आई तीच अन् बाप बदलला."

"पुढची जोडी आहे ना मावशी ती."

"माझ्या पाटीत एकाच बापाची फुलं हायेत. ती घेऊन मी सगळ्या आयांच्या ओळी फिरणार, मंग पाटी झटकून दुसरा बाप. मिसळले तर बियाणं वाया. तुझा कॉम्प्युटर तर एका बाईला उभी करून सगळे नवरे दाखवून राह्यला."

आजूबाजूला काम करणाऱ्या बायका हसू लागल्या. मच्छिंद्रभाऊ हसले न्हाईत. "ऊन चढलं की फुलं कामाची राहणार न्हाईत. हातानं लिहायला घेऊ का?"

"थोडं थांबा भाऊ. आत्ता आणते."

ऑफिसात जाऊन तिनं घाईघाईत कंसातलं पहिलंच उलटं केलं, बाप-आई. जोड्यांचा क्रम तसाच राहिला, वरून आईचं नाव मागं गेलं. तिला रडूच आलं. मंग तिनं ते पुसलं आणि सगळं लांबलचक लिहून बघितलं, वर एक फॉर, त्याच्या पोटात दुसरा. वरचा एका बापावर थांबून राहतो. पोटातला सगळ्या आया फिरून येतो, तेव्हा कुठं वरचा पुढं सरकतो. चतुराबाई फिरतात तसंच बिलकुल.

आणि एका ओळीत लिहिताना पण फॉर ह्याच क्रमानं येतात, बाहेरचा आधी, आतला मागून. टॅगवर काय आधी छापायचं, त्याचा ह्याच्याशी संबंधच न्हाई. ती मात्र टॅगवर आई आधी म्हणून फॉरमध्ये पण आईलाच आधी धरून बसल्ती.

तिनं कंसातलं आई-बाप पुन्हा जसंच्या तसं केलं, फक्त दोन फॉर अदलाबदल केले. बापांचा आधी, आयांचा नंतर.

ह्या वेळेस ती पळाली न्हाई. चतुराबाईंनी रोल कमरेला अडकवला, फूल घासलं, टॅग फाडला, बांधला, पुढची ओळ. पुन्हा तसंच. मान वर करायचं काम पडलं न्हाई. मच्छिंद्रभाऊ त्यांच्या मागं मागं टॅग वाचत चालले. शीतल बांधावर उभी राहून बघत होती.

परत येऊन ते म्हणले, "उद्या पलीकडच्या प्लॉटचे काढ. तिथं दोन बापांची फुलं दोन बाया वेगवेगळ्या पाट्यांत घेऊन फिरतात, अन् आईच्या एकाच ओळीत दोघी मागंपुढं चालतात. आधी जाऊन बघून घे."

"म्हणजे मी ऑफिसात बसू का भाऊ?"

"बघून आल्यावर बस."