कॅसेटीतून कापलेली लढाई

कॉलनीतल्या भावांनो, बायांनो, आज माझं डोकं फिरलं आहे, म्हणून हा कागद फलकावर लावतो आहे.

तो गाजलेला ऐतिहासिक सिनेमा इतक्या वर्षांनी व्हिडिओ कॅसेटवर आला. त्यातली लढाई आमच्या गावाजवळच्या जंगलात घेतली होती आणि गावातलेच गडी सैनिक झाले होते. माझा काका भाला घेऊन सगळ्यांच्या पुढे धावतो, हे मी टॉकीजात पाहिलं आहे. पण सिनेमा लागायच्या आधीच तो तापाने गेला. काकीचं तेव्हा बघायला मन धजलं नाही. घरात त्याचा एकही फोटो नाही.

आज भाड्याचा व्हीसीआर आणला आणि काकीला नागभीडहून बोलावलं.

टीव्हीच्या खालच्या पट्टीत साबणाच्या, बनियनच्या जाहिराती सरकत होत्या. राजा घोड्यावर बसला आणि एकदम दरबारात विजयाचा नाच सुरू! लढाई गायब.

काकी म्हणाली, "माह्या डोळ्याले पाणी आलं होतं, म्हणून सुटलं असन. मांगं घे ना, बाबू."

पुन्हा पुन्हा मागे घेतलं. मग कॅसेट उचलून दुकान गाठलं.

दुकानदार हसला. "एका कॅसेटीत बसत नाई ना भाऊ, मंग लढाई कापतेत. गाणे तं पुरे हायेत!"

म्हणजे बनियनला जागा आहे, माझ्या काकाला नाही. दुकानदाराच्या काउंटरवर कॅसेट आपटून आलो.

काकीला खरं सांगायची हिंमत झाली नाही. "कॅसेट खराब हाये, दुसरी आणतो," म्हणालो. ती परतीची गाडी सोडून थांबली आहे.

आता दुसरी कुठून आणू, सांगा.