चार शब्दांचा कट

केंब्रिजला मी एका मलेशियन संशोधकाबरोबर घर शेअर करत होतो. माणूस शांत, भांडी वेळेवर घासणारा. मला तेवढ्यानेच संशय आला होता. लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतरच्या त्या वर्षांत ट्रेनमध्ये कुणी बॅग विसरलं तर अख्खा डबा उतरायचा; मीही उतरणाऱ्यांतलाच.

एका शनिवारी किचनच्या टेबलावर त्याचा कागद दिसला. पेन्सिलीने लिहिलेला, अरबी लिपीत. टेबल पुसायच्या निमित्ताने मी तो उचलला आणि थेट लंडनच्या एजवेअर भागात, उर्दू वाचणाऱ्या आमच्या औरंगाबादच्या डॉक्टरांकडे गेलो.

"अक्षरं लागतायत, भाषा लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि ऐन या अक्षराच्या डोक्यावर तीन टिंबं? असलं अक्षर उर्दूत नाही रे."

"म्हणजे कोड!"

"थांब. हा शब्द खबर. हा हुकूम. वकील. वक्त." त्यांनी बॉलपेनने चार गोल केले.

मला आणखी काय हवं होतं? "अहो डॉक्टर, पोलिसांना कळवू या?"

"आधी त्याला विचार की, गाढवा! हेच चार शब्द तुझ्या आजोबांच्या कोर्टाच्या कागदांत निघतील. त्यांनाही पकडून देणार आहेस?"

घरी आलो तर गृहस्थाने कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केलेला. "माझं पान पाहिलंस? सोमवारी गाईडला दाखवायचंय. ज्यावरून उतरवलं ते मूळ हस्तलिखित दुरुस्तीला गेलंय, आता कित्येक महिने मिळायचं नाही."

मी खिशातून पान काढलं. गोलांसकट. आणि सगळं सांगून टाकलं, पोलिसांसकट.

त्याने पान टेबलावर सपाट केलं. मग म्हणाला, "जुनं पत्र आहे. एका मलय सरदाराने व्यापाऱ्याला लिहिलंय, हत्तीण आजारी आहे, भेट पाठवायला उशीर होईल." भाषा मलयच. धर्माबरोबर अरबी लिपी आली, लिपीबरोबर शब्द आले, आणि जे आवाज अरबीत नव्हते त्यांच्यासाठी मलय लोकांनी जुन्या अक्षरांना टिंबं चढवली.

"आणि ही माथ्यावरची वेगळी ओळ?" माझा संशय अजून पुरता मेला नव्हता.

"अरबीतला मंगल मथळा. त्याशिवाय पत्र सुरू होत नसे."

आमचे आजोबा पोस्टकार्डावरसुद्धा आधी 'श्री' काढायचे. गृहस्थाने खोडरबर घेतला, बॉलपेनच्या गोलांवर दोनदा घासला, ठेवून दिला. मग पूर्ण पान नव्याने उतरवायला बसला.

सोमवारी बाहेर जाताना त्याने पहिल्यांदाच खोलीला कुलूप लावलं. तेव्हापासून मी भांडी वेळेवर घासू लागलो. पण त्यामुळे त्याला माझा जास्तच संशय येत असावा.