फळीवर बोटभर सरकलेला पाय

त्या आठवड्यात मी देवाचं नाव घेणं सोडलं होतं. हे लिहायला आजही जड जातं, पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचं सांगणं अर्धवट राहील.

सात रस्ता चौकाजवळ माझं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं. साल त्र्याहत्तर असावं. एका सकाळी लेंग्याला शिलाई मारताना मशीन थांबलं. मी पायडल दाबतोय असं मला वाटत होतं, आणि मशीन तर चालेना. खाली पाहिलं तर डावा पाय बाजूला पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. उठायला गेलो आणि कोसळलो. दवाखान्यात दाखल केलं. तिथे सांगितलं, अर्धांगवायू. वाचा शाबूत राहिली, हात थोडा हलत होता. पाय मात्र गेला होता, आणि शिंप्याचं पोट पायावर चालतं.

एक तरुण डॉक्टर रोज सकाळी यायचे. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारायचे, तळव्यावरून किल्लीने रेघ ओढायचे, मग म्हणायचे, “मास्तर, पाय उचला.” पाय ओल्या पोत्यासारखा पडून राहायचा. आठव्या दिवशी हातोडी लागली आणि पाय ताडकन उडाला, चांगल्या पायापेक्षाही जोरात. माझ्या बायकोने हात जोडले. मला रडू आवरेना. डॉक्टर खाटेच्या कडेला बसले.

“मास्तर, खोटी आशा लावत नाही. हातोडीने पाय आपोआप उडतो. मेंदूचा लगाम सुटला की जास्तच उडतो. तुम्ही मनाने हलवाल ती खरी हालचाल. ती अजून दिसत नाही.”

“कधी दिसेल?”

“ते आज सांगता येणार नाही. रोज बघत राहू.”

ते खरं बोलले, आणि तेच मला लागलं. वीस वर्षं दर सोमवारी मी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो, एकही चुकवला नव्हता. त्याचं हे फळ? दुसऱ्या दिवशी डॉक्टर “उचला” म्हणाले तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. “नाही उचलत,” म्हणालो. बायकोने आणलेला अंगारा मी कपाळाला लावू दिला नाही. तिने पुडी मिटून कनवटीला ठेवली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे रुग्ण होते. त्यांचा भाऊ त्यांच्याजवळ बसून असायचा, पन्नाशी उलटलेला, धोतर-पटका, चालताना एक पाय किंचित ओढणारा. त्या दुपारी तो माझ्या खाटेशी आला.

“मास्तर, उचलायचा नाद सोडा,” तो म्हणाला. “माझाबी असाच गेलता. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात हुतो मी. उचलायला लई ताकद लागती. आदी आडवा सरकवा. पायाचं वजन एखाद्या फळीवर असू द्या की.”

त्याने बायकोला गुळगुळीत फळी आणि तोंडाला लावायची पावडर आणायला सांगितली. तिने दुकानातली कापड बेतायची फळी आणली. त्याने ती माझ्या पायाखाली सरकवली, वर पावडर भुरभुरली आणि पाय अलगद तिच्यावर ठेवला.

“आता भायेर ढकला.”

मी ढकलला. काहीच झालं नाही. तो म्हणाला, “पुन्यांदा.” घाम आला, जबडा आवळला गेला. पुन्हा, आणि पुन्हा. मी म्हणालो, “दमलो.”

“दमला म्हंजी आत काम चाललंय,” तो म्हणाला आणि तिथेच बसून राहिला.

किती वेळ गेला कळलं नाही. मी मनात कुणाला काही मागत नव्हतो, रागवतही नव्हतो. फक्त ढकलत होतो. मग बायको हळूच म्हणाली, “सरकला.” पावडरीत टाचेने बोटभर रेघ ओढली होती.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहात ठेवला. “पुन्हा ढकला.” मी ढकलल्यावर म्हणाले, “ही हालचाल तुमची आहे, मास्तर. हातोडीची नाही.” मी मान वळवून म्हाताऱ्यांच्या भावाला सांगायला गेलो, तर ती खाट रिकामी होती. म्हाताऱ्यांना पहाटेच घरी नेलं होतं. त्या भावाचं नावही मी विचारलं नव्हतं. पुढे कुर्डुवाडीला चौकशी केली, ठाव लागला नाही. बायको म्हणते देवच आला होता; तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. माझा पाय गेला नसता तर त्याची माझी गाठ पडली नसती, एवढं मला कळतं.

नंतरचे पाच महिने कष्टाचेच. आधी फळीवर, मग गुडघा वाकवून, मग हवेत. शेवटी डॉक्टर गुडघ्यावर हात दाबून म्हणायचे, “मला ढकला.” एके दिवशी त्यांचा हात खरंच मागे गेला. दुकान पुन्हा उघडलं. डावा पाय आजही हातोडीला जास्त उडतो, थकल्यावर ओढतो.

काठी घेऊन पहिल्यांदा सिद्धेश्वराला गेलो तो सोमवार नव्हता. बायको एक पाऊल मागे चालत होती. वाकून नमस्कार जमत नव्हता, म्हणून उभाच राहिलो. पूर्वी मागण्यांची यादी पाठ असायची. त्या दिवशी एकही आठवेना. माझं काम माझ्याकडे होतं आणि उरलेलं त्याच्याकडे, आणि त्या वाटणीत मला काही कमी वाटलं नाही. पाय थरथरेपर्यंत उभा होतो.

“काय मागितलं?” बायकोने विचारलं.

“राहून गेलं,” मी म्हणालो, आणि आम्ही घराकडे निघालो.