आठव्या एडवर्डाचं रिकामं घर

आमच्या मालकाले जुन्या रुपयाचं भारी खूळ होतं, अन् खरं सांगते, मले ते बिलकुल पसंत नव्हतं. चिखलीच्या धान्यबाजारात मापारी होते ते. हात ज्वारी मापून राह्यले, पण नजर मात्र लोकांच्या चंचीवर! कोणी जुना रुपया काढला की आपला नवा देऊन तो घ्यायचा. रोहिणखेडच्या एका म्हाताऱ्याजवळ चौथ्या विल्यम राजाचा रुपया निघाला, तं त्यापायी आमची दुभती बकरी देऊन आले! कितीतरी दिवस बोलली नाई मी त्याईच्यासंग.

मग बशीर सुताराकडून सागवानी फळी करून घेतली. एकेका राजाले एकेक गोल घर. विल्यम, मग राणी, तिचा पोरगा सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज. जॉर्ज वारला अन् आठवा एडवर्ड गादीवर बसला, तसं मालकानं त्याचंही घर कोरून घेतलं. रुपया निघायच्या आधीच!

"घाई काऊन करतं बे?" बशीरभाऊ म्हणे. पण ऐकतील तं ना! अन् झालं काय, तो राजा वर्षाच्या आतच गादी सोडून गेला. आपल्याकडं त्याच्या नावाचा रुपया निघालाच नाई. मग त्याच्या भावाचा आला, सहाव्या जॉर्जचा. त्याले पुढं नवं घर केलं. मधलं घर तसंच रिकामं राह्यलं.

बाजारात सारे चिडवत. "कडूबाभाऊ, राजा पळाला! आता त्या घरात भाडेकरू ठेवा!"

एका हिवाळ्यात बुलढाण्याले प्रदर्शन भरलं. बैल, कापूस, अन् जुन्या वस्तूही. साऱ्याईत मिळून एकच इनाम होतं, कलेक्टरसाहेबाच्या हातून. आमचा आडत्या शालिग्राम घरी आला. म्हणे, "सोनाराकडून एडवर्डाच्या मुंडक्याचा एक रुपया पाडून घेऊ. कोणाले समजते? सारी घरं भरली तं इनाम तुमचंच."

मीही म्हटलं, "हाव, घ्या की करून! बकरी तं वसूल होईन."

मालक माझ्याकडं पाहतच राह्यले. "जो रुपया निघालाच नाई, तो माझ्याजवळ कसा असन? राजा बसला होता, हे खरं. त्याचा रुपया नाई, हेही खरं. माझ्या फळीत जे खरं तेच राहीन."

मी उठून फळी फडक्यात बांधून दिली.

प्रदर्शनात फळी मांडली तं लोक बोट दाखवून हसत. "अबे, याचा तं एक रुपया हरवला!" मालक बाजूले मान खाली घालून उभे, मी त्याईच्या मागं. इतके दिवस जपलं, अन् साऱ्या जिल्ह्यासमोर हे असं हसं! परीक्षक आले, पाहिलं, "संच अधुरा आहे," म्हणाले. इनाम वडनेर भोलजीच्या कोणाच्या कापसाले दिलं. जाता जाता परीक्षकानं विचारलं, "पण हा संच आहे कोणाचा?"

मालकाची मान आणखीच खाली गेली. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं, अन् माझं डोकंच फिरलं! लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय त्याईचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आमच्यात बायका घेतच नाईत. पदर सावरला, पुढं झाली, अन् साऱ्याईले ऐकू जाईन असं ओरडली,

"कडूबाचा आहे! कडूबा निवृत्ती शेळके, माझा नवरा! अन् याच्यात एक रुपया खोटा नाई!"

हसणारे मागं सरकले. तवा कुठं मालकानं मान वर केली.